आठवण दुसऱ्याने लिहावी, भविष्य ज्याचे त्याने

जानेवारी उजाडला की शाळांमध्ये दोन गोष्टी एकदमच सुरू होतात : दहावीच्या सराव परीक्षा आणि निरोप समारंभाची तयारी. नाशिक शहर आणि जिल्ह्यातून या महिन्यात सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे या दुसऱ्या गोष्टीविषयी आहेत. वर्गाचे हस्तलिखित, फिशपाँड, ‘वीस वर्षांनंतरचा आमचा वर्ग’ हे हमखास असणारे पान आणि त्यावरून घरात व शाळेत होणारे वाद, असा त्यांचा विषय आहे. म्हणून या वेळचे संपूर्ण सदर त्यालाच दिले आहे. पत्रे संक्षेपाने घेतली असून पत्रलेखकांची व शाळांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : आमच्या वर्गात अठ्ठावन्न विद्यार्थी आहेत. निरोप समारंभाला आम्ही वर्गाचे हस्तलिखित काढणार आहोत. त्याचा पहिला भाग ‘आमच्या आठवणी’ आणि दुसरा भाग ‘वीस वर्षांनंतरचा आमचा वर्ग’ असेल. सूचना फलकावर आवाहन लावूनही मजकूर फक्त नऊ जणांनी दिला आणि त्यातले सहा लेख एकाच सहलीवर आहेत. बाकीच्यांना लिहिते कसे करावे?
— दहावी ‘ब’चे संपादक मंडळ, पंचवटी

उत्तर : आवाहनाला प्रतिसाद मिळाला नाही म्हणून वर्गावर रागावू नका. ‘शाळेच्या आठवणी लिहा’ असे सांगितले की मराठीच्या पेपरातला निबंध डोळ्यांपुढे उभा राहतो, आणि निबंधात शोभेल असा प्रसंग म्हणून जो तो सहलीकडे वळतो. शिवाय स्वतःविषयी लिहिताना ज्याला लेखणी साधलेली असते तो स्वतःला पुढे करतो आणि ज्याला संकोच वाटतो तो कोरा कागद परत देतो. म्हणून माझी पहिली सूचना अशी, की कोणालाही स्वतःची आठवण लिहायला सांगूच नका. वर्गशिक्षकांकडून एक तासिका मागून घ्या, हजेरीपटावरच्या सर्व नावांच्या चिठ्ठ्या करा, आणि ज्याच्या हाती ज्याचे नाव येईल त्याने त्या मुलाविषयी किंवा मुलीविषयी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला एक प्रसंग पाच-सहा ओळींत लिहावा, असा नियम करा. ‘ती फार मनमिळाऊ आहे’ अशी वाक्ये स्वीकारू नका. ‘विज्ञान प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी आमच्या ज्वालामुखीला तडा गेला, तेव्हा तिने रिक्षा सोडून दिली आणि अंधार पडेपर्यंत थांबून कागदाचा लगदा पुन्हा मळून दिला’ असे काहीतरी हवे.

अठ्ठावन्न चिठ्ठ्यांमधून अठ्ठावन्न प्रसंग येतील आणि हजेरीपटावरचे एकही नाव सुटणार नाही. एखादा म्हणेल, की ज्याचे नाव आले त्याच्याशी मी कधी धड बोललोसुद्धा नाही. त्याला चिठ्ठी बदलून देऊ नका. दोन-तीन मधल्या सुट्ट्या त्याच्या शेजारी बसून डबा खा आणि मग लिही, असे सांगा. निरोप समारंभाच्या दिवशी सर्वांत शांत मुलाच्या घरचे लोक हे हस्तलिखित उघडतील, तेव्हा आपल्या मुलाला वर्गात कोणीतरी पाहिले होते हे त्यांना कळेल. संपादक मंडळाने करावे असे याहून मोठे काम मला दिसत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रश्न नेमके विचारा, आणि तुमच्या वर्गाच्या खास वाट्याला आलेला काळ सोडू नका. तुम्ही जून २०२० मध्ये पाचवीत आलात. आपल्याकडे अनेक माध्यमिक शाळा पाचवीपासूनच सुरू होतात, त्यामुळे तुमच्यातल्या कित्येकांनी शाळेची पायरी चढण्यापूर्वीच शाळेत प्रवेश घेतला आणि वर्गमित्रांची ओळख मोबाइलच्या पडद्यावरच्या छोट्या चौकोनांतून करून घेतली. त्या शैक्षणिक वर्षाच्या अखेरीस पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांना परीक्षेविना वरच्या वर्गात पाठवण्यात आले. त्याच वर्षी दहावीची बोर्डाची परीक्षा रद्द होऊन अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला. पुढच्या वर्गांना त्या वर्षाविषयी सांगू शकतील अशी मुले आता शाळेतून बाहेर पडत आहेत. तेव्हा विचारा, की पाचवीच्या ऑनलाइन तासाला घरात मोबाइल कोणाचा होता आणि तो कामावर गेला की तुमच्या तासाचे काय व्हायचे? भावंडांचे तास एकाच वेळी आले तर मोबाइल कोणाला मिळायचा? रेंजसाठी कोण गच्चीवर बसले, कोणी शेजारच्या काकूंच्या ओट्यावर बसून धडे उतरवले, आणि कोणाकडे मोबाइल नव्हताच? ज्याच्याकडे तो नव्हता त्याची आठवण हस्तलिखितात पहिल्या पानावर असावी, असे मला मनापासून वाटते.

असाच दुसरा विषय मधल्या सुट्टीचा आहे. आठवीपर्यंत शालेय पोषण आहाराची खिचडी सर्वांना मिळते. नववीत गेल्यावर ती बंद होते आणि ज्याचा त्याचा डबा सुरू होतो. त्या जूनमध्ये कोणाकडे डबा नव्हता आणि कोणी न बोलता आपल्या डब्याचे झाकण त्याच्यापुढे सरकवले, हे वर्गाला नक्की माहीत असते. हे लिहिताना डबा नसलेल्याचे नाव घालू नका, झाकण सरकवणाऱ्याचे मात्र अवश्य घाला. सिटीलिंक बसच्या पासावर एकत्र येणारे, सायकलवर डबल सीट येणारे, पूर आला की रामसेतू आणि गाडगे महाराज पुलाकडे पाणी पाहायला धावणारे, असे गट प्रत्येक वर्गात असतात. त्यांच्याकडे सहलीपेक्षा अधिक ऐवज आहे.

तिसरे म्हणजे मध्येच गेलेली मुले. पाचवीचा हजेरीपट आणि दहावीचा हजेरीपट शेजारी ठेवा. द्राक्षांच्या हंगामासाठी पेठ-सुरगाण्याकडून निफाड-दिंडोरीकडे आलेल्या कुटुंबाबरोबर परत गेलेले, वडिलांच्या बदलीमुळे दाखला काढलेले, आणि घरची ओढाताण म्हणून शाळा सुटलेले असे काही जण दिसतील. त्यांच्या नावाच्याही चिठ्ठ्या करा.

आता ‘वीस वर्षांनंतर’ या भागाविषयी. इथे नियम बरोबर उलटा ठेवा : आठवण दुसऱ्याने लिहावी, भविष्य ज्याचे त्याने लिहावे. आपण वर्गात कसे दिसत होतो हे आपल्याला कळत नाही, म्हणून ते मित्राकडून ऐकायचे. आपण पुढे कोण होणार हे मात्र मित्राला ठरवता येत नाही. आणि वीस वर्षांचा आकडा सोडून नाशिककरांच्या सोयीचा आकडा घ्या. मागचा सिंहस्थ कुंभमेळा २०१५ मध्ये झाला तेव्हा तुम्ही पाचेक वर्षांचे होता, आणि कोणाला वडिलांच्या खांद्यावरून पाहिलेली रामकुंडावरची गर्दी पुसटशी आठवतही असेल. येत्या सिंहस्थाचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी आहे, तेव्हा तुम्ही अकरावीत किंवा तिच्या जोडीच्या एखाद्या अभ्यासक्रमात असाल. ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये मुख्य स्नाने होतील तेव्हा बारावीचे वर्ष चालू असेल. त्यापुढचा सिंहस्थ २०३९ मध्ये येईल आणि त्या वेळी तुम्ही अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांचे असाल. ‘२०३९ च्या सिंहस्थात मी कुठे असेन, माझ्या दिवसाची सुरुवात कशी होईल आणि मी कोणाला भेटायला जाईन’ अशी तीन उत्तरे प्रत्येकाकडून घ्या. ‘मी डॉक्टर होणार’ या एका ओळीपुढे जाऊन सकाळी उठल्यावर काय करणार हे लिहायला बसले, की मूल पहिल्यांदाच स्वतःच्या आयुष्याचा तपशिलात विचार करते.

प्रश्न : आमच्या शाळेत निरोप समारंभाला फिशपाँडची जुनी प्रथा आहे. यंदा मुलांनी ‘वीस वर्षांनंतर’ या पानासाठीही एकमेकांविषयी भाकिते लिहिली. एका मुलाविषयी ‘दत्तमंदिर चौकात वडापावची गाडी लावेल’, एका मुलीविषयी ‘पाच मुलांची आई होईल’, आणि एका मुलाचे व एका मुलीचे नाव जोडून एक चारोळी आहे. मी आक्षेप घेतला तेव्हा मुले म्हणाली, “बाई, सगळे हसतात, कोणाला वाईट वाटत नाही.” मी किती काटछाट करावी? सर्व काढले तर समारंभातला आनंदच जाईल, अशीही भीती वाटते.
— एक वर्गशिक्षिका, नाशिकरोड

उत्तर : बाई, आपण आक्षेप घेतला हे योग्यच केले. ही तीन उदाहरणे एकाच जातीची नाहीत, म्हणून एकेक पाहू.

जोड्या लावलेली चारोळी कोणतीही चर्चा न करता काढून टाका. मुलांना ती गंमत वाटते, परंतु ते हस्तलिखित मुलीच्या घरी जाणार आहे. अकरावीला घराबाहेर पाठवायचे की नाही यावर ज्या घरात आधीच घासाघीस चालू असते, त्या घरात अशा चार ओळी निर्णय फिरवायला पुरतात. मुलांना हे समजावून सांगितले तर समजते. सांगताना संबंधित मुलीकडे बोट दाखवू नका, सगळ्या वर्गाशी बोला.

वडापावच्या गाडीविषयीचे वाक्य अधिक विचार करायला लावणारे आहे. गाडी लावून घर चालवणे यात कमीपणा कसला? दत्तमंदिर चौकातल्या गाडीवर पहाटेपासून उभे राहून मुलांना शिकवणारी माणसे मुलांनीही पाहिली आहेत. पण ते वाक्य त्या मुलाला हिणवण्यासाठी, त्याच्या गुणांवर बोट ठेवण्यासाठी लिहिलेले आहे, आणि ज्याच्या घरी खरोखर अशी गाडी आहे तो मुलगा त्याच वर्गात बसून ते ऐकणार आहे. एका वाक्याने दोघांचा अपमान होतो. मुलांना हे एवढेच विचारा, की वर्गात हे वाक्य कोणाकोणाच्या कानावर पडेल? बहुधा पुढचे ती स्वतःच बोलतील.

‘पाच मुलांची आई’ या वाक्याच्या निमित्ताने एक छोटासा हिशेब वर्गातच करून घ्या. आलेल्या सर्व भाकितांतली मुलांविषयीची एका बाजूला आणि मुलींविषयीची दुसऱ्या बाजूला काढा, आणि कोणाच्या वाट्याला नोकरी, धंदा, परदेश आला व कोणाच्या वाट्याला लग्न, सासर, स्वयंपाकघर आले हे फळ्यावर मांडा. फळा पाहून मुलीच काय, मुलगेही गप्प होतील. त्या दिवशीचे नागरिकशास्त्र त्यांना दीर्घकाळ लक्षात राहील.

फिशपाँड मात्र बंद करू नका. वर्षानुवर्षे एकत्र बसलेल्या मुलांना एकमेकांची थट्टा करण्याचा हक्क मिळालेला असतो. मी एवढीच रेघ ओढीन, की माणूस जे करतो आणि सोडू शकतो त्यावर हसावे, जे घेऊन तो जन्मला किंवा ज्या घरात जन्मला त्यावर हसू नये. रोज प्रार्थनेनंतर धापा टाकत येणारा, प्रत्येक पेपरला पेन मागणारी, ‘सर, गृहपाठ तपासायचा राहिला’ अशी आठवण करून देऊन सगळ्यांना अडकवणारा, यांच्यावर खुशाल फिशपाँड करावेत. रंग, उंची, वजन, बोलण्यातली अडखळ, आडनाव, जात, वडिलांचे काम आणि गुण या विषयांना हात लावू नये. आणि प्रत्येक फिशपाँड आदल्या दिवशी ज्याच्यावर आहे त्याला एकट्याला वाचून दाखवावा. तो नको म्हणाला तर कारण न विचारता काढावा. यामुळे मजा कमी होते असा अनुभव नाही, उलट स्वतःवरचा फिशपाँड आणखी तिखट करून देणारी मुले निघतात.

भाकितांविषयी मुलांना आपल्याच जिल्ह्यातली दोन माणसे सांगा. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ दुष्काळी भागात वाढले, विहिरी खोदण्याच्या कामावर राबले, २०१२ मध्ये सैन्यात गेले आणि त्यानंतर त्यांच्या हाती पहिल्यांदा वल्हे आले. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये एकेरी नौकानयनात त्यांनी तेरावे स्थान मिळवले आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत भारताच्या सुवर्णपदक विजेत्या चमूत ते होते. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या भागातला मुलगा ऑलिम्पिकमध्ये नाव वल्हवेल, असे कोणत्या वर्गाला सुचले असते? त्र्यंबकेश्वरकडच्या डोंगरातल्या सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर धावण्यात कांस्यपदक जिंकले. पंधराव्या वर्षी मित्राचे भविष्य लिहायला बसलेल्या मुलाच्या हाती त्याचे गुण, कपडे आणि घर यापलीकडे सामग्री नसते. म्हणून ‘वीस वर्षांनंतर’ हे पान प्रत्येकाकडून स्वतःचे स्वतःला लिहून घ्यावे. पंचवटीच्या संपादक मंडळाला वर हेच सुचवले आहे.

प्रश्न : मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहे. माझ्या मुलीला नववीत ८६ टक्के गुण होते. वर्गाच्या अंकात तिने लिहिले आहे, की ती आयटीआयला जाईल, साचे बनवण्याचे काम शिकेल आणि पुढे स्वतःचे टूलरूम काढेल. तिचे मामा म्हणतात, एवढे गुण असताना आयटीआय कशाला, आणि निदान अंकात तरी ‘इंजिनिअर’ लिहायला सांगा, नातेवाईक वाचतील. तिने बदल करावा का?
— एक पालक, सिडको

उत्तर : बदल करू नये. त्या पानावरची आपल्या मुलीची ओळ मला सर्वांत जास्त विचारपूर्वक लिहिलेली वाटते, कारण तिने पदवीचे नाव न घेता कामाचे नाव घेतले आहे. ते काम बहुधा तिने आपल्याच तोंडून ऐकलेले असावे.

मामांची काळजी मात्र झटकून टाकू नका, त्या काळजीला माहितीने उत्तर द्या. टूल अँड डाय मेकर, फिटर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन हे आयटीआयचे दोन वर्षांचे व्यवसाय आहेत. दोन वर्षांचा असा अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांना नियमांनुसार पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो आणि पदविका झाली की अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाची वाट खुली असते. दहावीनंतर लगेच तीन वर्षांची पदविका घेण्याचा पर्यायही आहेच, आणि तिची गणिताची तयारी चांगली असेल तर तोही तिच्यापुढे मोकळेपणाने ठेवा. म्हणजे ‘इंजिनिअर’ हा शब्द तिच्या रस्त्यातून गेलेला नाही, तो थोडा पुढच्या वळणावर आहे. ओझरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यातून १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तिथे तयार झालेले पहिले तेजस मार्क-१ए विमान उडाले. असे विमान उभे करताना अभियंत्यांइतकेच कुशल कारागिरांचे हात लागतात, हे औद्योगिक वसाहतीत आयुष्य काढलेल्या माणसाला मी वेगळे सांगायला नको.

मुलींना यंत्रशाळेत अडचणी येतात हे खरे आहे. बॅचमध्ये मुली कमी असतात, पाळीतल्या कामाचा आणि येण्याजाण्याचा प्रश्न असतो. प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वी तिला घेऊन आयटीआयमध्ये जा, कार्यशाळा दाखवा आणि तिथे शिकणाऱ्या मुलींशी तिचे बोलणे करून द्या. त्यानंतर तिने मत बदलले तर तो तिचा निर्णय असेल. नातेवाइकांसाठी ओळ बदलायला लावली, तर आपले खरे मत कागदावर लिहायचे नसते, असा धडा तिला शाळेच्या शेवटच्या महिन्यात मिळेल.

प्रश्न : आमच्या १९९६ च्या दहावीच्या बॅचला यंदा तीस वर्षे होत आहेत. स्नेहमेळावा ठरला आहे. एक मित्र त्या वेळी नापास झाला होता आणि नंतर कधीच कोणाला भेटला नाही. त्याला बोलवावे का? त्याला अवघड वाटेल, असे काही जणांचे म्हणणे आहे.
— एक माजी विद्यार्थी, गंगापूर रोड

उत्तर : अवश्य बोलवा. तो तुमच्याबरोबर बसला, खेळला आणि परीक्षेला गेला. निकालाचा कागद त्याला बॅचमधून वगळू शकत नाही. फक्त त्याला ग्रुपमध्ये घालून सर्वांसमोर ‘वेलकम’चा भडिमार करू नका. त्या काळी त्याच्या बाकावर बसणाऱ्या एकाने घरी जाऊन निमंत्रण द्यावे, आणि कार्यक्रमातून ‘आज कोण कोणत्या पदावर’ हा ओळखीचा फेरा काढून टाकावा. त्याऐवजी प्रत्येकाने शेजारच्याची एक आठवण सांगावी. बॅचच्या नावांची खात्री करायची असेल तर शाळेच्या कार्यालयाला विनंती करा, जनरल रजिस्टरमध्ये मध्येच दाखला घेतलेल्यांचीही नावे असतात.

प्रश्न : आम्ही प्रत्येकाने भविष्यातल्या स्वतःला पत्र लिहून ते बंद पाकिटात शाळेकडे ठेवायचे ठरवले आहे. इतकी वर्षे ते टिकेल का आणि सापडेल का?
— दहावीच्या काही विद्यार्थिनी, निफाड

उत्तर : टिकण्याची काळजी सोपी आहे. पत्रे बॉलपेनने किंवा पेन्सिलीने लिहा, कारण जेल पेनची शाई पावसाळ्याच्या ओलीने पसरू शकते. टाचण्या व स्टेपलर गंजतात, म्हणून कागद दोऱ्याने शिवा. सेलोटेप पिवळी पडून सुटते, तिच्या भरवशावर फोटो चिकटवू नका. फोटो छापूनच ठेवा, कारण पेनड्राइव्ह इतक्या वर्षांनी उघडेल याची खात्री देता येत नाही.

सापडण्याची काळजी अधिक खरी आहे. मुख्याध्यापक निवृत्त होतात, कपाटे हलतात, आणि रंगकाम निघाले की ‘हे कोणाचे?’ म्हणून गठ्ठे रद्दीत जातात. म्हणून पाकिटांची पेटी ग्रंथपालांकडे द्या आणि ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीत तिची रीतसर नोंद करून क्रमांक घ्या. त्या क्रमांकाचा फोटो प्रत्येकीजवळ असू द्या. वर्गाचे हस्तलिखितही काढणार असाल तर त्याची एक झेरॉक्स प्रत शाळेबाहेर, गावातल्या वाचनालयात ठेवता येईल का, हे विचारून पाहा. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० पासून चालू आहे, तेव्हा पुस्तके आणि कागद पिढ्यान्‌पिढ्या जपण्याची सवय आपल्या जिल्ह्याला आहे. पेटीवर उघडण्याचे वर्ष ठळक लिहा, आणि त्या वर्षी शाळेत येऊन पेटी मागण्याची जबाबदारी तिघींवर सोपवून त्यांची नावे पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला व नोंदवहीच्या शेरा रकान्यात अशी दोन्हीकडे घाला. तिघींपैकी निदान एक गावातच राहणारी निवडलीत तर उत्तम.